म्हातारीचा भोपळा : एका गोष्टीवर चार आठवडे
(घरशाळेचा संच, वय 6 ते 9. वापरण्यापूर्वी वाचा)

पेटी उघडल्यावर सामान तपासून घ्या : मोठ्या टायपातली 16 पानी गोष्ट, महाराष्ट्राचा कोरा नकाशा, लाल भोपळ्याच्या 10 बिया, 2 मीटर सुतळी, कोरी वही आणि कागदाच्या कपट्यांत गुंडाळलेला एक तुंबा (वाळका कडू भोपळा). तुंबा हलवला की आत बिया खुळखुळतात. तो खराब नाही, तसाच असतो.

रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस. सुरुवात रोज एकच : गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची. होय, रोज तीच. कंटाळा पालकांना येतो. मूल दोन-तीन दिवसांत ‘तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन’ तुमच्या आधी म्हणू लागतं, आणि गोष्ट पाठ झाली की मग प्रश्न पडू लागतात. म्हातारी आत बसली तर भोपळ्यातला गर कुठे गेला? वाघ आणि सिंह एकाच जंगलात कसे? पुढचा सगळा अभ्यास याच प्रश्नांवर उभा आहे, म्हणून रोजचं वाचन गाळू नका.

वाचून झालं की पुस्तक मिटा आणि मुलाला गोष्ट सांगू द्या. मध्येच दुरुस्ती नको. आधी लांडगा की आधी वाघ, यावर अडवलंत की मूल गोष्ट सोडून तुमच्या तोंडाकडे बघू लागतं. लिहिता न येणाऱ्या मुलाचं बोलणं जसंच्या तसं तुम्ही वहीत उतरवा. ‘तात्पर्य काय?’ हे तर विचारूच नका. म्हातारी सरळ थाप मारते हे मुलांना कळतं. ते बरोबर की चूक यावर त्यांनाच भांडू द्या.

पहिला आठवडा भाषेचा. टुणुक, गडगड, घरंगळत, धपकन : कोणत्या आवाजात उडी आहे, कोणत्यात लोळण, हे मुलाने अंगाने करून दाखवायचं. हीच गोष्ट बंगालात आणि इराणातही सांगतात. बंगाली म्हातारी दुधीच्या जातीच्या लाऊमध्ये बसते आणि तो गडगडत जातो; उड्या मारणारा भोपळा आपला.

दुसरा आठवडा सगळ्यात भरगच्च. तो आखडता घेऊ नका. बाजारातून तीन-चार किलोचा अख्खा लाल भोपळा आणा. सुतळीने त्याचा आणि तुंब्याचा घेर मोजा, दोन्हींचं वजन करा. मग फळीचं एक टोक दोन पुस्तकांवर टेकवा आणि दोन्ही सोडून बघा. चपटा लाल भोपळा चाकासारखा कडेवर थोडा पळतो आणि कलंडतो. तुंबा एका बाजूला निमुळता, म्हणून वळत जातो. पुस्तकं चार केली तर काय होईल, हे मुलाने आधी सांगायचं, मग सोडायचं.

आता भोपळा कापा. आत गर आणि बियांची जाळी. म्हातारीला जागा नाही. तुंब्याची जात वेगळी : तो कडू भोपळा, दुधीचा भाऊबंद. पिकून वाळला की कवच लाकडासारखं होतं आणि आत पोकळी राहते. याच पोकळीमुळे तंबोऱ्याला भोपळा लागतो, आणि गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधत. तुंबा बादलीत हाताने दाबून बघा, पाणी त्याला कसं वर ढकलतं ते हाताला कळतं. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो आला गेल्या पाचशे वर्षांत. मग म्हातारी कशात बसली असेल? उत्तर आम्ही छापलेलं नाही.

बिया रात्रभर भिजवून, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात 2 ते 3 सेंमी खोल पेरा. उबदार हवेत आठवड्याभरात कोंब येतो, थंडीत दुप्पट दिवस लागतात. बी कुजण्याचं कारण बहुतेक वेळा मुलांनी घातलेलं जास्तीचं पाणी असतं. माती वरून कोरडी दिसल्यावरच घाला. वेल वाढवलात तर पहिली बरीच फुलं गळतील. ती नर फुलं असतात, रोग नव्हे. फळाला साधारण चार महिने लागतात, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.

तिसऱ्या आठवड्यात नकाशा. आपले सहा व्याघ्रप्रकल्प लावा : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, सह्याद्री. पाच विदर्भात आणि एकच पश्चिमेला का, हा प्रश्न मूल स्वतः काढतं. सिंहासाठी नकाशा अपुरा पडेल; भारतातले रानटी सिंह आज गुजरातेत, गीर आणि आसपास. तेव्हा ॲटलास काढा.

चौथ्या आठवड्यात घारगे. 1 वाटी भोपळ्याचा किस आणि पाऊण वाटी गूळ चमचाभर तुपात शिजवा. कोमट झाल्यावर चिमूट मीठ, 2 चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दीड वाटी. पाणी अजिबात नको. गरम मिश्रणात कणीक घातली की ती चिकट होते, आणि गूळ सुटून मळलेला गोळा सैल पडत जातो. म्हणून मळल्यावर लगेच थापा. आच मध्यम, नाहीतर बाहेरून काळे, आतून कच्चे. थापायचं काम मुलांचं, तळणं मोठ्यांचं. परदेशातल्या घरांनी ऑक्टोबरात मिळणारा कोरायचा भोपळा घेऊ नये, तो पाणचट असतो, बटरनट घ्या.

पाढे आणि हातच्याची गणितं या संचात नाहीत. ती म्हातारीच्या गळ्यात बांधली की गोष्टही जाते आणि गणितही. रोज वीस मिनिटं वेगळी काढा. संचाचं प्रमाणपत्र मिळत नाही. पुढे दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बसता येतं, त्यासाठी 14 वर्षं पूर्ण लागतात. आत्ता त्याची घाई नाही, पण चार आठवड्यांची वही तारखांसह जपून ठेवा.

तुंबा वाटेत तडकला असेल तर 7 दिवसांत फोटो पाठवा, बदलून देऊ. तडकलेला परत नको. त्यातल्या बिया काढून मुलांना दाखवा आणि लाल भोपळ्याच्या बियांशेजारी मांडा. खाऊ मात्र देऊ नका, तुंबा कडू जातीचा आहे.