मतदार-पत्रव्यवहार सॉफ्टवेअर (अमेरिकन काँग्रेस)

अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांच्या ऑफिसात मतदारसंघातून येणारी पत्रं, ईमेल, फोन सगळं नोंदवायचं, विषयाप्रमाणे त्याचे गठ्ठे लावायचे, उत्तर मंजूर करून घेऊन पाठवायचं आणि कुणाचं सरकारी काम अडलं असेल तर त्याची फाईल पुढे सरकवायची, यासाठी जी संगणकप्रणाली वापरतात ती. प्रतिनिधिगृहात तिला बहुतेक जण सीआरएम किंवा सीएमएस म्हणतात, सेनेटमध्ये सीएसएस. प्रत्येक सदस्याचं ऑफिस स्वतंत्र असतं, त्यामुळे सभागृहानं मान्य केलेल्या विक्रेत्यांपैकी कुणाकडून घ्यायचं हे ज्याचं तो ठरवतो. २०२० च्या जनगणनेनंतर एका प्रतिनिधीमागे सरासरी ७ लाख ६० हजारांच्या आसपास लोक येतात आणि कायम स्टाफ जास्तीत जास्त १८, एवढं लक्षात घेतलं तर असं काही का लागतं ते वेगळं सांगायला नको.

उगम : इथं मतभेद आहेत. एक मत असं की टपाल वाढत गेलं, ते हातानं आवरेना, म्हणून संगणक आला. दुसरं मत बरोबर उलटं, की सुरुवात येणाऱ्या पत्रांपासून नाही तर जाणाऱ्या पत्रांपासून झाली, म्हणजे सदस्यांना आपापल्या मतदारांच्या याद्या हव्या होत्या आणि त्या यादीला उत्तरं देण्याची सोय नंतर चिकटली. दुसऱ्या मताला आधार जरा जास्त आहे. सदस्यांना फुकट टपालाची सवलत १७७५ पासूनची, १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसनं ती कायद्यात घेतली, १८७३ मध्ये गैरवापराच्या तक्रारींमुळे बंद झाली आणि त्याच शतकाच्या शेवटापर्यंत हळूहळू परत आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑफिसांत पत्त्याच्या धातूच्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून एकच मजकूर पुन्हापुन्हा टाइप करणारी मशीन आणि सही करणारं यंत्र हे सगळं होतंच, म्हणजे ‘वैयक्तिक’ दिसणारं साचेबंद पत्र ही काही संगणकाची देणगी नाही. आयबीएमचा चुंबकीय टेपवाला टाइपरायटर १९६४ चा. प्रतिनिधिगृहानं स्वतःचा संगणक विभाग १९७१ च्या सुमारास उभा केला, सेनेटचंही संगणक केंद्र त्याच दशकातलं. कॉमन कॉज या संघटनेनं १९७३ मध्ये फुकट टपालाविरुद्ध जो खटला भरला (पुढे तो हरली) त्याचा रोखही जाणाऱ्या टपालावरच होता, की ह्या सवलतीनं सत्तेवर बसलेल्यालाच फायदा होतो.

आणखी एक मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. ५०० पेक्षा जास्त जणांना साधारण सारखाच मजकूर पाठवला तर कायद्याच्या दृष्टीनं ते सामूहिक टपाल ठरतं आणि त्याला निवडणुकीच्या तोंडावर बंदी वगैरे अटी लागतात, पण एखाद्यानं आपणहून लिहिलेल्या पत्राला दिलेलं उत्तर यातून सुटतं. म्हणजे हे उत्तर अमुक पत्राला दिलंय असा पुरावा ऑफिसकडे असला तर बरं, आणि येणारं प्रत्येक पत्र नोंदवायची शिस्त निदान काही अंशी या नियमामुळे पक्की झाली असं मानायला जागा आहे. मतदारांची कामं केल्यानं पुन्हा निवडून यायला मदत होते, असं राज्यशास्त्राचे अभ्यासक मॉरिस फियोरिना यांनी १९७७ मध्ये मांडलं, तर जोहान्स आणि मॅकअ‍ॅडम्स यांना १९८१ मध्ये तसा परिणाम आढळला नाही. हा वाद इथं फार ताणायची गरज नाही, कारण ऑफिसं दोन्ही मतांची वाट न बघता सॉफ्टवेअर घेतच होती.

ईमेलनंतर : जून १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहानं सात सदस्यांपुरता ईमेलचा प्रयोग जाहीर केला, त्यात न्यूट गिंग्रिच आणि चार्ली रोझ हेही होते. गंमत अशी की ईमेल करायच्या आधी मतदारानं पोस्टकार्डवर आपला पत्ता कळवायचा होता, कारण ईमेलवरून माणूस कुठल्या मतदारसंघातला ते कळत नाही. तो प्रश्न पुढे वेबफॉर्म आणि पिनकोडवर गेला, पण अमेरिकन पिनकोडही कधीकधी दोन-तीन मतदारसंघांत पसरलेला असतो, मग पाच अंकांच्या पुढचे चार अंक किंवा पूर्ण पत्ता मागावा लागतो. ऑक्टोबर २००१ मध्ये सेनेटर टॉम डॅशल यांच्या ऑफिसात अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पूड असलेलं पाकीट उघडलं गेलं, सेनेटची हार्ट इमारत जवळपास तीन महिने बंद राहिली, नंतर टपालावर जंतू मारणाऱ्या किरणांचा मारा करून मगच ते द्यायला लागले, त्यामुळे पत्र पोचायला उशीर व्हायचा आणि ऑफिसंच लोकांना ईमेल करा म्हणून सांगायला लागली. काँग्रेसच्या ऑफिसांचा कारभार अभ्यासणाऱ्या काँग्रेशनल मॅनेजमेंट फाउंडेशन या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २००४ मध्ये काँग्रेसकडे सुमारे २० कोटी संदेश आले, १९९५ च्या चौपट, आणि वाढ जवळपास सगळी इंटरनेटची.

कामाची पद्धत : संदेश आला की प्रणाली आधी नाव-पत्ता जुन्या नोंदींशी जुळवते, हेच सगळ्यात किचकट, कारण एकच बाई लग्नाआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन नावांनी, नवरा-बायको एकाच ईमेलवरून, असं सगळं येतं. मग मजकुराची तुलना करून सारखे संदेश एका गठ्ठ्यात जातात. एखाद्या संघटनेच्या मोहिमेतून तीन हजार ईमेल आले आणि मजकूर अक्षरशः तोच असेल तर उत्तर एकच लिहायचं. पण त्यातल्या कुणी आपल्या आईच्या औषधाबद्दल दोन ओळी घातल्या असतील तर तो संदेश बाजूला काढता आला पाहिजे, आणि प्रणाली चांगली की वाईट ते इथंच कळतं. पत्रव्यवहार बघणारा कनिष्ठ कर्मचारी (लेजिस्लेटिव्ह करस्पॉन्डंट, सगळे त्याला एलसी म्हणतात) मसुदा करतो, धोरणाचं काम बघणारा तपासतो, वरचे मंजूर करतात आणि मसुदा पुढच्या वेळेसाठी संग्रहात पडतो.

मोहिमा चालवणाऱ्या संघटनांशी झटापट बराच काळ चालली. २००६ मध्ये काही ऑफिसांनी फॉर्मवर बेरजेसारखी कोडी टाकली, पाठवणारा माणूस आहे का ते बघायला, आणि संघटना चिडल्या. २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन (इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणारी संस्था) वगैरेंनी स्वयंसेवक जमवून प्रत्येक सदस्याच्या फॉर्मची रचना संगणकाला वाचता येईल अशी लिहून काढली. दरम्यान प्रतिनिधिगृहानं संघटनांसाठी वेगळा रस्ताच काढून दिला, त्यात संदेश एक्सएमएल स्वरूपात येतो, संघटनेचं म्हणणं एका खान्यात, मतदाराचं स्वतःचं म्हणणं दुसऱ्यात, विधेयकाचा क्रमांक आणि बाजूनं की विरोधात हेही वेगळं.

अडलेली कामं : पासपोर्ट, माजी सैनिकांची पेन्शन, इमिग्रेशन. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे सही केलेलं संमतिपत्र नसेल तर सरकारी खातं सदस्याच्या ऑफिसला माहिती देत नाही, म्हणून संमतिपत्र फाईलला जोडायची सोय लागतेच. ग्रीनकार्ड किंवा व्हिसाच्या चौकशीसाठी अमेरिकेतले मराठी लोकही याच वाटेनं जातात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत, त्यांच्या ऑफिसलाही हेच नियम.

विक्रेते : इंट्रानेट कोरम हे सॉफ्टवेअर बराच काळ लॉकहीड मार्टिन कंपनीचं, २०१६ पासून लायडॉस कंपनीचं. फायरसाइड २०२१ मध्ये फिस्कलनोटनं घेतलं. इंडिगव्ह त्यामानानं नवीन. आयकॉन्स्टिट्युएंटवर २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला, सुमारे ६० ऑफिसांना झळ बसली.

जतन : सदस्याच्या ऑफिसचे कागद ही परंपरेनं त्याची खाजगी मालमत्ता, त्यामुळे त्यानं पद सोडलं की डेटा कुठे जाईल ते त्याच्यावर. काही जण विद्यापीठांना देतात. माजी सेनेटर जे रॉकफेलर यांचा डेटा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे आला तेव्हा तो उघडून वाचायचं साधनच तिथल्या ग्रंथालयाला तयार करावं लागलं. यात लाखो खाजगी माणसांच्या अडचणी असतात, म्हणून संशोधकांना सरसकट खुला करता येत नाही.

इतरत्र : ब्रिटनमध्ये लोकांच्या बाजूनं बनलेली साधनं आधी गाजली, २००० मधलं फॅक्सयुअरएमपी आणि २००५ पासून राइटटूदेम, दोन्ही लोकप्रतिनिधीला लिहायच्या वेबसाइट. भारतात केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स (२००७) किंवा महाराष्ट्राचं आपले सरकार (२०१५) ही तक्रार थेट प्रशासनाकडे नेतात, आमदार-खासदाराचं ऑफिस त्यात मध्ये येत नाही. आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयातलं काम अजूनही बरंचसं पीए, लेटरहेडवरचं शिफारसपत्र आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं.