शंभर दाखले आणि एक हिरा

डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. भारतीय तर्कशास्त्रातलं हे घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. पण डोंगरावरची आग आपण पाहिलेली नसते. चुलीपाशी धूर आणि आग वारंवार एकत्र दिसली, त्या जोरावर आपण डोंगराबद्दल बोलतो. या वारंवार पाहण्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ‘भूयोदर्शन’ म्हणत आणि ‘जिथे धूर तिथे आग’ या संबंधाला ‘व्याप्ती’.

प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी इथेच बोट ठेवलं. पाहिलेले धूर मोजके. उद्याचे आणि परमुलखातले कोण तपासणार? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये जवळपास हाच प्रश्न विचारला. त्याच्या मते अशा अनुमानामागे तर्क नसतो, मनाला लागलेली सवय असते.

या वादातला मला सर्वांत आवडणारा दाखला सतराव्या शतकातले नैयायिक अन्नंभट्ट यांच्या ‘दीपिका’ या टीकाग्रंथात आहे. पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या, वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो. माती, लाकूड, शंभरदा पाहून घ्या. मग हिरा आणा. न्यायमतानुसार तोही पार्थिवच, पण लोखंडाला तो दाद देत नाही! मग नुसत्या भूयोदर्शनावर भिस्त कशी ठेवायची? अन्नंभट्टांची अट वेगळी आहे: दोन गोष्टी सोबत दिसाव्यात आणि त्या संबंधाला अपवाद, म्हणजे ‘व्यभिचार’, आढळलेला नसावा. तरी शंका उरलीच तर ती तर्काने फेडायची. धूर आगीवाचून राहू शकत असेल, तर आग हे धुराचं कारणच उरणार नाही.

आता नियम उलटा करा: ‘जिथे आग तिथे धूर’. चुलीपाशी तोही खरा वाटतो. पण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. चुलीतला धूर ओल्या सरपणाचा. अशा दडलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. आज औषधाच्या चाचणीत संशोधक हीच शंका घेतात: गुण औषधाने आला, की ते घेणारे मुळातच तरुण नि धडधाकट होते?

चार्वाक तरीही हटत नाही. उपाधी सापडली नाही म्हणजे ती नाहीच कशावरून? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश या नैयायिकाने त्याला वागण्यातच पकडलं: मग धूर हवा असला की तू विस्तवच का पेटवतोस, भूक लागली की जेवतोस का? खोचक आहे, आणि व्यवहारापुरतं चोखही. पण याने शंकेखोराचं तोंड बंद होतं, उद्याच्या धुराची हमी मिळत नाही.