हार्टबर्न सोडलं आणि वॉशिंग्टन झाले

डिसेंबर १७९१ मध्ये लंडनहून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावे एक पत्र निघालं. लिहिणारे होते सर आयझॅक हर्ड, इंग्लंडमधल्या घराण्यांच्या मानचिन्हांची आणि वंशावळींची दप्तरं सांभाळणारे सर्वोच्च अधिकारी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं मूळ घराणं त्यांना शोधायचं होतं. २ मे १७९२ रोजी वॉशिंग्टन यांनी सविस्तर उत्तर धाडलं. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, अशी मोकळी कबुली त्यात आहे. पूर्वज उत्तर इंग्लंडमधून आले हे ठाऊक होतं, पण लँकेशायर, यॉर्कशायर की त्याहूनही वरचा एखादा परगणा, हे नीट आठवत नव्हतं. साठीच्या त्या माणसाला मूळ गाव सांगता आलं नाही, आणि त्याच गावाचं नाव तो रोज सहीत लिहीत होता.

ते गाव इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, जुन्या डरहॅम परगण्यात आहे. आज ते संडरलंडच्या हद्दीत येतं. पहिल्या विल्यम राजाने १०८६ मध्ये केलेल्या प्रसिद्ध पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, डरहॅमचा समावेशच नाही. तिथला बिशप स्वतःच राजासारखा राहायचा. ११८३ मध्ये बिशप ह्यू यांनी आपल्या मुलखाची वेगळी पाहणी करवून घेतली. तिला बोल्डन बुक म्हणतात, कारण बोल्डन गावाचा सारा आणि वेठ सविस्तर लिहून पुढे अनेक गावांपाशी ‘बोल्डनप्रमाणे’ एवढंच नोंदवलं आहे.

आपल्याला हवी ती नोंद याच पाहणीत सापडते. विल्यम द हार्टबर्न नावाच्या सरदाराकडे वॉशिंग्टन गाव आहे. चर्च आणि चर्चची जमीन वगळून. हार्टबर्न गाव सोडून दिल्याच्या बदल्यात ते त्याला मिळालं आहे. त्याने वर्षाला ४ पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं. ही नोंद मला फार मोलाची वाटते. हार्टबर्न म्हणजे हरणांचा ओढा; विल्यमच्या नावात तो ओढा होता, कारण ते गाव त्याच्याकडे होतं. गावांची अदलाबदल झाली आणि नावाचीही झाली. त्याचं घराणं पुढे ‘द वेसिंग्टन’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

आपल्याकडे ‘कर’ लावून गावाचं नाव माणसाला चिकटतं, पण ते बहुधा गाव सोडल्यावर. इथे उलट आहे. या ‘द’चा अर्थ ‘त्या गावचा रहिवासी’ एवढाच नव्हता, ‘त्या गावचा धनी’ असा होता. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये आडनाव अजून वंशाला बांधलेलं नव्हतं. नॉर्मन सरदारांनी जमिनीवरून नाव घ्यायची रीत आणली. लोहार, दळणारा, अमक्याचा मुलगा, लाल केसांचा अशी सामान्यांची नावं तर पिढीगणिक बदलत. ती बापाकडून मुलाकडे जाण्याची पद्धत देशभर रुळायला आणखी दोन-तीन शतकं गेली.

गावाच्या नावाचा धुण्याशी काही संबंध नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजीतला ‘वॉश’ कानाला तसाच लागतो म्हणून ही समजूत सहज होते. जुन्या इंग्रजीत वासा किंवा तत्सम नावाचा कुणी पुरुष, त्याची माणसं दाखवणारा ‘इंग’ आणि वस्तीसाठी ‘टून’, अशी त्या शब्दाची फोड आहे. वासाच्या लोकांची वाडी. हा वासा कोण, हे कुठल्याच दप्तरात नाही. वेसिंग्टन, वॅसिंग्टन, वॉशिंग्टन ही रूपं लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर ठरत गेली. १४१६ ते १४४६ अशी ३० वर्षं डरहॅमच्या मठाचे प्रमुख असलेले जॉन यांचं आडनाव ‘वेसिंग्टन’ असंच लिहिलेलं आढळतं.

मूळ शाखेचा पुरुषवंश चौदाव्या शतकाच्या अखेरीस थांबला. पण त्याआधीच एक धाकटी पाती पश्चिमेला गेली होती आणि पुढे लग्नसंबंधातून लँकेशायरमधल्या वॉर्टन गावी स्थिरावली. तिथल्या सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या मनोऱ्यावर या घराण्याचं मानचिन्ह कोरलेलं होतं: दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. ऊनपावसाने झिजलेला तो दगड आता चर्चच्या आत ठेवला आहे. अमेरिकेचा झेंडा यावरूनच बेतला, असं हौसेने सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही. राजधानी वॉशिंग्टनचा झेंडा मात्र १९३८ मध्ये खरोखरच या चिन्हावरून घेतला.

वॉर्टनचा लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला, नॉर्थहॅम्प्टनचा दोनदा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्हची जहागीर ३२४ पौंड, १४ शिलिंग आणि १० पेन्सला घेतली. एका पूर्वजाने गाव बदलून नाव घेतलं होतं. याने नाव तेच ठेवून गाव विकत घेतलं. तोवर आडनाव जमिनीपासून सुटून माणसाला कायमचं चिकटलेलं होतं.

त्याच्याच वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावी धर्मगुरू होता. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, १६४३ मध्ये, प्युरिटन म्हणजे कडव्या धर्मसुधारकांच्या पक्षाने त्याला गुत्त्यांत पडून असतो असा ठपका ठेवून काढलं. घर विपन्नावस्थेत गेलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारासाठी निघालेल्या जहाजावर चढला. १६५७ मध्ये व्हर्जिनियात पोटोमॅक नदीत ते जहाज रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. जॉर्ज हा त्याचा पणतू.

हर्ड यांनी जोडलेली वंशावळ चुकीची निघाली. त्यांनी व्हर्जिनियातल्या जॉनला इंग्लंडमधल्या एका ‘सर’ जॉन वॉशिंग्टनशी एक केलं होतं. १८६६ मध्ये जोसेफ चेस्टर यांनी ती दोन वेगळी माणसं असल्याचं दाखवलं, आणि १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी मृत्युपत्रं आणि जुनी दप्तरं चाळून पर्लीच्या धर्मगुरूपर्यंतचा दुवा जुळवला.

आज अमेरिकेत वॉशिंग्टन आडनाव लावणाऱ्यांत सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरी संपल्यावर अनेकांना प्रथमच दप्तरात स्वतःचं आडनाव सांगायची वेळ आली. बुकर नावाचा एक मुलगा वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत पहिल्यांदा गेला, तेव्हा हजेरीत बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत हे त्याने ऐकलं. त्याला एकच होतं. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन. त्याची पाळी आली, मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं आणि त्याने शांतपणे सांगितलं: बुकर वॉशिंग्टन.