डर्ट बाइकचे ब्रेक पॅड घ्यायला येताय? आधी माती कुठली ते सांगा

दुकानात कोणी आलं आणि 'हीरोच्या एक्सपल्स बाइकचे मागचे पॅड द्या' म्हणालं की आम्ही पहिलं विचारतो, चालवता कुठं? काहींना वाटतं हे उगाच गप्पा मारतायत, मालाचं बोला. पण खरं सांगायचं तर पॅड गाडीला बसतो साच्यामुळं आणि टिकतो मातीमुळं, त्यामुळं गाडीचं मॉडेल एवढंच माहिती असेल तर आम्हाला अर्धीच गोष्ट कळते.

जांभ्याची लाल माती पावसात भिजली की तिची बारीक रेती आणि पाणी मिळून अक्षरशः व्हॉल्व घासायच्या पेस्टसारखं काम करतं. गेल्या पावसाळ्यात एक जण आला, कोकणात दोन दिवस चिखलात फिरून, निघताना मागचे पॅड बऱ्यापैकी जाड होते म्हणाला, आणि कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) उघडला तर एका बाजूला नुसता लोखंडी पत्रा उरलेला, पत्रा डिस्कवर घासून घासून निळा पडलेला आणि डिस्कवर अशी चर की नख अडकत होतं. पॅड ऑरगॅनिक होते. पॅडमध्ये काही खोट नव्हती बरं का, फक्त ते त्या चिखलासाठी नव्हतेच.

तर प्रकार मुख्य दोन. ऑरगॅनिक म्हणजे तंतू आणि भुकटी राळेत धरून दाबलेले, मऊ, आवाज कमी, डिस्कवर माया करणारे, लिव्हरला हळूहळू ब्रेक लागतो त्यामुळं नवीन शिकणाऱ्याला बरे. कोरडा मुरूम, टेकडीवरचा फुफाटा, आठवडाभर ऑफिस आणि रविवारी थोडं ऑफरोड, एवढंच असेल तर हेच घ्या, उगाच महाग घेऊ नका. सिंटर्ड म्हणजे तांब्याबिंब्याची धातूची भुकटी दाबून, तापवून एकजीव केलेली, नवा पॅड उन्हात धरला तर कण चमकतात. हे ओल्यात धरतात, चिखलात लवकर संपत नाहीत, पण डिस्क जास्त खातात, कुरकुरतात, आणि उष्णता ब्रेक ऑइलकडं जास्त पाठवतात. मधले सेमी-मेटॅलिक म्हणून येतात, त्यात कंपनीगणिक एवढा फरक असतो की नावावरून काही सांगता येत नाही. आणि खोक्यावर 'सिरॅमिक' लिहिलंय म्हणून भारावून जाऊ नका, बाइकच्या पॅडमध्ये तो बहुतेक वेळा ऑरगॅनिकचाच सुधारलेला भाऊ असतो.

पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर बघा, बऱ्याच वेळा दोन अक्षरं असतात, एफएफ, जीजी, एचएच वगैरे. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड आणि दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५, एच त्याच्यावर. एचएच म्हणजे सगळ्यात भारी असं समजून लोक पुढच्या चाकाला तेच मागतात, पण सैल खडीच्या उतारावर पुढचं चाक पटकन लॉक झालं तर तुम्ही हँडलवरून पुढं जाणार. पकड किती लागते हे माती ठरवते. आणि ही अक्षरं फक्त पकड सांगतात, पॅड किती दिवस टिकेल ते नाही.

मागचे पॅड आधी का संपतात हा प्रश्न रोज येतो. एक तर पुढच्या चाकानं उडवलेला सगळा चिखल मागं जातो. दुसरं म्हणजे एक्सपल्स २०० ला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पुढच्याच चाकाला आहे, मागचं लॉक होतं, मग पोरं मागचं चाक घसरवत वळणं घेतात, मजा येते, पॅड जातात. आणि तिसरं कारण म्हणजे उभं राहून चालवताना बूट नकळत पेडलवर टेकलेला असतो. पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवा. तो नसेल तर ब्रेक सतत घासत राहतो, ऑइल उकळतं आणि ऐन उतारावर पेडल पोकळ लागतं. असं झालेल्याला नुसते नवे पॅड विकून उपयोग नाही, आम्ही आधी पेडल सेट करतो. म्हणून चिखलवाल्यांना आमचा सल्ला साधा आहे, मागं सिंटर्ड घाला, पुढं गाडीसोबत आले होते त्याच प्रकारचे चालू द्या. पण एकाच कॅलिपरमध्ये एक जुना एक नवा किंवा दोन प्रकार मिसळून नको, जोडी जोडीनंच बदला.

कधी बदलायचे? बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १ मिलिमीटर असते. आम्ही म्हणतो पावसाळी राइडला निघताना २ च्या खाली असतील तर बदलूनच जा, कारण चिखलात शेवटचा मिलिमीटर कधी जातो कळत नाही. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते ती पण बघा, त्याच्या खाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड म्हणजे पैसे चिखलात.

फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, सील गळून पॅडवर तेल आलं असेल किंवा चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडाला असेल तर ते पॅड पेट्रोलनं धुऊन, जाळून परत घालायचा जुगाड करू नका, टाकून द्या. आणि सील आधी बदला, नाहीतर पुढच्या महिन्यात परत इथंच याल, आम्हाला चालेल पण तुम्हाला नाही.

घरी बसवत असाल तर कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलायच्या आधी साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं साफ करा, नाहीतर ती माती सीलमध्ये जाते. ढकलताना ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं ऑइल उतू जात नाही ना बघा, रंग खातं ते. झालं की लिव्हर आणि पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. हे विसरून आमच्याच पोरानं एकदा गाडी स्टँडवरून काढून चालू केली आणि थेट शटरवर, पोचा अजून आहे, येणाऱ्याला दाखवतो. मग मोकळ्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरच्या वेगावरून पंधरा-वीस वेळा हळूहळू कमी करत न्या, पूर्ण थांबून ब्रेक दाबून धरू नका, मध्ये थंड होऊ द्या. पहिल्याच दिवशी घाटात नेऊन 'पॅड लागत नाहीत' अशी तक्रार घेऊन येणारे दर पावसाळ्यात दोन-चार असतातच.

येताना जुने पॅड टाकू नका, घेऊन या. एक बाजू जास्त आणि एक कमी झिजली असेल तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय, ते जुन्या पॅडवरूनच कळतं. आणि गाडी जमलं तर धुऊन आणा, काळ्या मातीतून आलेला कॅलिपर खरवडण्यातच आमचा अर्धा तास जातो.