वास्तववादी व्यक्तिचित्रण (महाराष्ट्र)

माणूस समोर बसवून तैलरंग, जलरंग किंवा पेस्टलमध्ये त्याचे चित्र करण्याची महाराष्ट्रातील परंपरा. तिचे मूळ मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) आहे. तिथे शिकवली जाणारी युरोपीय अकादमिक पद्धत पेस्तनजी बोमनजी, म. वि. धुरंधर, गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद यांनी पचवली. नऊवारी, पगडी इथली. छायाप्रकाशाची बांधणी तिकडची.

‘अगदी हुबेहूब!’ म्हणून प्रेक्षक पुढे सरकतो. साम्य साधणे ही खरे तर पहिली पायरी. रस घ्यायचा तो पुढच्या निर्णयांत. सावळाराम हळदणकरांचे (१८८२–१९६८) ‘ग्लो ऑफ होप’ पाहावे. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अजूनही अनेकजण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. हातात दिवा घेतलेली तरुणी (मॉडेल म्हणून चित्रकाराची मुलगीच उभी राहिली होती), ज्योतीवर आडवा धरलेला दुसरा तळवा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. माध्यम जलरंग. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाच्या पांढरेपणातूनच येतो. म्हणजे अंधार भोवतीने थराथराने चढवत न्यायचा आणि ज्योतीजवळ हात आवरायचा. चुकले तर तैलरंगासारखे वरून झाकण्याची सोय नाही.

१९४७ मध्ये आधुनिक शैलीच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप मुंबईत निघाला आणि समीक्षकांनी वास्तववादाकडे पाठ फिरवली. तो एस. एम. पंडितांच्या कॅलेंडरांत, सिनेमाच्या पोस्टरांत आणि संस्थांच्या भिंतींवर टिकला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व एका चित्रात पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत दिसतात. कलादालनात कधी न फिरकणाऱ्या नाट्यरसिकांनीही ही चित्रे पाहिलेली असतात.

आजच्या चित्रकारांच्या बोलण्यात अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंट आणि स्वीडनचा अँडर्स झॉर्न ही नावे हमखास येतात. सार्जंटकडून घेतला तो मोकळा, एकदाच टाकलेला फटकारा. झॉर्नच्या नावाने ओळखली जाते ती यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा आणि पांढरा एवढ्यावर भागवणारी रंगसंगती. तीत निळा नाही; काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी उबदार कातडीशेजारी निळसर भासतो. आजच्या या चित्रकारांपैकी वासुदेव कामत यांनी केलेल्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचे ड्रेपर पारितोषिक मिळाले.

जाहीर प्रात्यक्षिक हे या परंपरेचे आवडते अंग. श्रोत्यांसमोर, दोन-तीन तासांच्या एकाच बैठकीत चित्र उभे राहते. आधी डोळे किलकिले करून छायेचे मोठे आकार मांडले जातात, नाक-डोळ्यांचे तपशील बरेच नंतर येतात. प्रत्यक्ष बैठकीवरून केलेले काम आणि छायाचित्रावरून उतरवलेले काम यांतला फरक कडांवरून बहुधा ओळखू येतो. छायाचित्राच्या आहारी गेलेल्या चित्रात केस, कान, कॉलर सगळे सारखेच धारदार असते आणि सावल्या मुक्या, काळ्या पडतात. समोरून रंगवणारा दूरचा कान पार्श्वभूमीत विरघळू देतो, कारण डोळ्यांकडे पाहत असताना तो त्याला तसाच दिसत असतो.