आभा अ‍ॅप आणि सरकारी दवाखाना : पात्रता, कागदपत्रे आणि काम नेमके कुठे अडते

आभा कार्ड काढले आहे, म्हणजे ऑपरेशन फुकट होणार, अशा समजुतीने माणसे दवाखान्यात येतात आणि बिलाच्या खिडकीवर त्यांना कळते की तसे काही नाही. म्हणून आधी एवढे पक्के करून घ्या : आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे. त्यात विमा नाही. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात ते प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून आणि महाराष्ट्रात तिच्याशी जोडलेल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. त्यासाठीचे आयुष्मान कार्ड वेगळे आणि त्याचे अ‍ॅपही वेगळे. दोन्हींच्या नावात ‘आयुष्मान’ आणि दोन्ही राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचीच, त्यामुळे गोंधळ होणारच. यात लोकांचा दोष नाही, अशी नावे देणाऱ्यांनी आधी विचार करायला हवा होता.

आभाचा उपयोग दोन कामांसाठी आहे. ओपीडीत केसपेपर लवकर निघतो आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट एका ठिकाणी दिसू शकतात.

कोणाला काढता येते

कोणालाही. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्ड लागत नाही, शुल्क नाही. शेवटची तारीखही नाही. ‘या महिन्याअखेर काढा, नाहीतर उपचार बंद’ असे निरोप फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून सरकारी दवाखान्यात कोणी परत पाठवत असेल, तर ते चूक आहे; साधा केसपेपर मागा.

खरी अडचण : आधारला जोडलेला मोबाइल

कागद एकच लागतो, आधार. पण बहुतेक अर्ज अडतात ते आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरावर. ओटीपी त्याच नंबरावर जातो. तो नंबर बंद पडलेला असतो, मुलाचा असतो आणि मुलगा परगावी असतो, किंवा कार्ड काढताना दुकानदारानेच स्वतःचा घातलेला असतो. म्हणून अ‍ॅप उघडण्याआधी माय आधार संकेतस्थळावर जाऊन आपला कोणता नंबर जोडलेला आहे ते तपासा. नंबर बदलायचा असेल तर आधार केंद्रावर जा. त्यासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही, स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. शुल्काची पावती मागून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पोस्टात चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन नंबर बदलून देतात. आधारची हेल्पलाइन १९४७.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी सायबर कॅफेत दुसऱ्याचा नंबर देऊ नये. आभाची सोय असलेल्या दवाखान्यात बोटाच्या ठशावरूनही क्रमांक काढता येतो. नोंदणीच्या खिडकीवर तसे विचारा.

वाहन परवान्यावरूनही नोंदणी होते, पण हाती येतो तो फक्त नोंदणी क्रमांक. पूर्ण आभा त्यानंतर दवाखान्यात पडताळणी झाल्यावरच मिळते. आधार असेल तर या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅपमधली पायरी

प्ले स्टोअरवर सारख्या नावाची अ‍ॅप दिसतात. प्रकाशक म्हणून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे नाव असलेलेच घ्या. आधार क्रमांक टाका, संमतीवर खूण करा, ओटीपी भरा. इथे एक बारीक खाच आहे. आधारच्या ओटीपीनंतर अ‍ॅप संपर्कासाठी मोबाइल नंबर विचारते. तो आधारच्या नंबरापेक्षा वेगळा दिला तर त्यावर दुसरा ओटीपी येतो. घाईत पहिलाच ओटीपी पुन्हा भरला जातो आणि ‘चुकीचा ओटीपी’ म्हणून सगळे थांबते. संपर्काचा नंबर मात्र जपून निवडा, पुढे बहुतेक वेळा लॉगिन त्यावर होते. कुटुंबातल्या इतरांची आभा याच नंबरावर असेल तर लॉगिनच्या वेळी सगळी नावे दिसतात; आईच्या तपासणीला वडिलांचे खाते उघडून बसू नका.

शेवटी आभा पत्ता निवडायचा, ज्याच्या शेवटी @एबीडीएम असते. ८ ते १८ अक्षरे, मध्ये फार तर एक टिंब आणि एक अंडरस्कोर. पत्ता एकच ठेवा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरा काढला, की जुन्या पत्त्याला जोडलेले रिपोर्ट नव्यात दिसत नाहीत आणि लोकांना वाटते की ते पुसले गेले.

नाव, जन्मतारीख, लिंग हे सगळे आधारवरून उचलले जाते. त्यात चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग आभामध्ये पुन्हा केवायसी करा. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा कागद नीट जुळवूनच जा.

केसपेपरच्या खिडकीवर

भिंतीवर लावलेला क्यूआर कोड आभा अ‍ॅपमधल्या स्कॅनने वाचायचा. माहिती पाठवायला होकार दिला की टोकन क्रमांक येतो. तो घेऊन खिडकीवर जायचे, कर्मचाऱ्याला तुमची माहिती स्क्रीनवर दिसते आणि केसपेपर छापून मिळतो. हे टोकन म्हणजे डॉक्टरांकडचा नंबर नव्हे. ती रांग वेगळीच. घरूनच कोड स्कॅन करून निघू नका, टोकन थोडाच वेळ चालते. दवाखान्यात रेंज नसेल तर आभा क्रमांक कागदावर लिहून ठेवलेला बरा.

जुने रिपोर्ट का दिसत नाहीत

आभामध्ये सगळे रिपोर्ट कुठल्यातरी एका ठिकाणी साठवलेले नसतात. ते त्या त्या दवाखान्याकडेच राहतात, अ‍ॅप फक्त मागवून दाखवते. दवाखाना या व्यवस्थेला जोडलेला नसेल तर काहीच दिसणार नाही. जोडलेला असूनही ‘नोंद सापडली नाही’ आले, तर जुना केसपेपर काढून बघा. शोध मोबाइल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून होतो. केसपेपरवर ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता बाळासाहेब’, वय अंदाजे लिहिलेले आणि नंबर शेजाऱ्याचा, असे असले की जुळणी होत नाही. मग केसपेपरवरचा रुग्ण नोंदणी क्रमांक अ‍ॅपमध्ये भरून पाहा. नाहीच जमले तर नोंदणी विभागाकडून नाव आणि नंबर दुरुस्त करून घ्या. कागदी फाइल आपोआप अ‍ॅपमध्ये येत नाही, फोटो काढून स्वतः चढवावी लागते. मूळ कागद फेकू नका.

डॉक्टरांनी रिपोर्ट मागितले की अ‍ॅपवर संमतीची विनंती येते. किती तारखेपर्यंतचे, कोणत्या प्रकारचे कागद आणि किती दिवस दिसावेत हे तुम्ही कमी-जास्त करू शकता आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकता. न वाचता ‘मान्य’ दाबू नका.

घरात ७० वर्षांवरचे कोणी असेल तर

२०२४च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. हे आभा अ‍ॅपवर नाही, आयुष्मान अ‍ॅपवर काढायचे. वय आधारवरचेच धरतात. शाळेचा दाखला इथे चालत नाही. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना स्वतःचे वेगळे ५ लाखांचे संरक्षण मिळते, त्यामुळे ‘घरात कार्ड आहे’ म्हणून थांबू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र दोन्हींतले एकच निवडावे लागते.

दवाखान्यात भरती होण्याआधी १४५५५ वर फोन करून तो दवाखाना आणि तो उपचार योजनेत बसतो का ते विचारा, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाला गाठा. भरतीचे पैसे भरून झाल्यावर योजनेचे कार्ड दाखवले, तर ते पैसे परत मिळवणे फार जड जाते.