मोटरची विद्युत शक्ती

विद्युत मोटर चालू असताना पुरवठ्यातून दर सेकंदाला जेवढी ऊर्जा घेते, ती तिची विद्युत शक्ती. ती वॅट किंवा किलोवॅटमध्ये मोजतात. मोटरीच्या पाटीवरची अश्वशक्ती ही वेगळी राशी आहे. ती शाफ्टवर (मोटरीच्या फिरत्या दांड्यावर) मिळणारी यांत्रिक शक्ती असते. १ अश्वशक्ती (एचपी) म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपीची मोटर ३.७ किलोवॅट वीज घेते, असा हिशेब सर्रास केला जातो आणि तो कमी भरतो. वायंडिंग (तारेची गुंडाळी), लोखंडी गाभा, बेअरिंग आणि पंखा यांत वाया जाणारी ऊर्जाही पुरवठ्यातूनच यावी लागते.

डीसी मोटरीत व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार पुरतो. सिंगल फेजमध्ये त्याला शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्या गुणाकाराचा किती भाग खरी शक्ती असतो ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणतात. थ्री फेजमध्ये लाइन व्होल्टेज (दोन फेजच्या तारांमधले) × लाइन प्रवाह (एका तारेतला) × शक्तिगुणक या गुणाकाराला आणखी √३, म्हणजे १.७३२ ने गुणावे लागते.

विहिरीवरच्या ५ एचपी पंपाचे उदाहरण घेऊ. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि ०.८२ शक्तिगुणक असताना १.७३२ × ४१५ × ७.५ × ०.८२ = सुमारे ४,४२० वॅट. कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर शाफ्टवर ३,७१० वॅट, म्हणजे जवळपास ५ एचपी मिळतात. तासाला खर्च मात्र ४.४ युनिटांचा होतो.

हे सारे पूर्ण लोडचे आकडे. प्रत्यक्षात मोटर किती वीज घेईल ते लोड ठरवतो. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर आले की सेंट्रिफ्यूगल पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटरीवरचा लोड वाढतो. नुसत्या टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) विसंबणे इथे धोक्याचे. हीच मोटर पंपापासून सोडवून मोकळी फिरवली, तरी ती ३ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेऊ शकते. प्रवाहावरून वाटते की ४० टक्के लोड आहे. पण तेव्हा शक्तिगुणक ०.१५ इतका खाली येऊ शकतो आणि खरी शक्ती जेमतेम ३२० वॅट भरते. उरलेला बहुतेक प्रवाह चुंबकीय क्षेत्र उभे करण्यापुरता असतो.

व्होल्टेज पडल्यावर काय होते, हे शेतकऱ्याने आवर्जून समजून घ्यावे. लोड तोच राहिला आणि व्होल्टेज ३४० वर आले, तर तेवढीच शक्ती मिळवायला मोटर सुमारे ९ अँपिअर ओढते. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळपास दीडपट होते. अशीच मोटर तासन्‌तास चालली की वायंडिंग जळते. कपॅसिटरने हा धोका थेट टळत नाही. तो बसवल्याने त्याच्या अलीकडच्या केबलमधला प्रवाह घटतो, व्होल्टेजही थोडे सावरते; पण मोटरीची खरी शक्ती आणि युनिटे जवळपास तेवढीच राहतात.

शक्तिगुणक माहीत नसेल तर इलेक्ट्रॉनिक मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजावा. मीटरवर एका युनिटला १,२०० स्पंद असे छापले असेल आणि फक्त मोटर चालू असताना दिवा मिनिटाला ८८ वेळा लुकलुकला, तर ८८ × ६० ÷ १,२०० = ४.४ किलोवॅट. यात व्होल्टेज, प्रवाह आणि शक्तिगुणक तिन्ही आपोआप धरले जातात.